चाळलेला भुसा

बळीराम गाडी घेऊन आला तो मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी. घेऊन आला म्हणजे ओढून आणली. कुंडम गावाहून लाकूड भरून येणाऱ्या एका ट्रकच्या मागे दोर बांधून, स्वतः स्टीअरिंगवर बसून, सगळा रस्ता ब्रेक सांभाळत तो शहरात, नेपियर टाउनमधल्या आमच्या घरापर्यंत आला. ट्रकवाला फाटकाशी दोर सोडून निघून गेला. बळीराम खाली उतरला तेव्हा त्याच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि डोळे लाल.

ती पांढरी ॲम्बेसेडर चार महिन्यांपूर्वीपर्यंत आमची होती. बाबांनी ती दिवाळीनंतर त्याला विकली होती.

माझ्या वडिलांना सगळे भय्यासाहेब म्हणत. एका पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी तीस वर्षं वर्कशॉप शिकवलं. शहरातल्या गॅरेजांमधले निम्मे मिस्त्री त्यांचे विद्यार्थी. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी रस्त्यानं जाताना कोणीतरी हात पुसत दुकानाबाहेर येई आणि त्यांना नमस्कार करी. विद्यार्थ्यानं कानशीनं घासून आणलेला तुकडा ते गुण्याला, काटकोन तपासायच्या पट्टीला, लावून उजेडाकडे धरत. केसाएवढी फट दिसली तरी परत पाठवत. याच गोष्टीसाठी लोक त्यांना मानत. मीही मानत असे. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, आणि प्रयोगशाळेत बाटल्यांवरची लेबलं एका रेषेत लावण्याची माझी सवय त्यांच्याकडूनच आली होती.

बळीराम त्यांचा जुना विद्यार्थी. पस्तिशीचा असेल. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून येऊन कुंडमला राहिले, आणि तिथं त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. तो व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहिला, वर आला नाही.

"सर," तो म्हणाला, "माझ्या हातून तुमची गाडी खराब झाली."

रोख देऊन घेतलेली गाडी, पण तो तुमची म्हणाला.

"काय झालं?"

"डिफरन्शियल गेलं जी. इंजिन फिरून राहिलं, चाकं फिरत नाहीत."

मागच्या दोन चाकांच्या मधे खाली जो लोखंडी भोपळा असतो, त्यात हे दात्यांचे गिअर असतात. इंजिनचं फिरणं तिथून चाकांकडे वळतं. ते गेलं की गाडी जागेवर गुरगुरत राहते. लहानपणापासून बाबांना सामान देत वाढल्यामुळे एवढं मला कळत होतं.

"तेल बघितलं होतंस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच बोलले होते ना सर, की मी माझ्या हातानं सेट केलं आहे, सहा महिने उघडू नको. मी हात बी लावला नाही. पण आमच्याकडे खड्डे लई आहेत. मीच दाबून चालवली असंन." त्यानं हात जोडले. "बायकोला अन् बाळाला दवाखान्यातून घरी नेऊन राहिलो होतो. जंगलात बंद पडली. माफी मागतो."

बाबा पायऱ्या उतरून खाली गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे. चुकतं माणूस. पुढच्या वेळी जपून चालव."

त्या क्षणी मला माझे वडील फार मोठ्या मनाचे वाटले होते. ते आठवलं की अजूनही तोंडात काहीतरी येतं.

दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडे गाडी नेऊ नको, इथंच आपण दोघं मिळून करू, असं बाबांनी ठरवून टाकलं. बळीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी त्याला कागदावर सामानाची यादी लिहून दिली: क्राउन आणि पिनियनची नवी जोडी, बेअरिंगं, ऑइल सील.

"तीन-चार दुकानं फिरावी लागतील," ते म्हणाले. "घाई करू नको. जोडीच्या दोन्ही गिअरांवर नंबर कोरलेला असतो, तो एकच आहे का ते खोकं उघडून बघ. नसेल तर घेऊ नको."

बळीराम माझी लुना घेऊन गेला. तो कोपऱ्यावरून वळला तसे बाबा एकदम घाईला आले. मी त्यांना कामात घाई करताना कधी पाहिलं नव्हतं.

"सुमे, जुने कपडे घाल अन् ये. घमेलं आण मोठं."

गाडीची मागची बाजू जॅकनं उचलून आम्ही लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. बाबा खाली सरपटत गेले. मी घमेलं धरून शेजारी उकिडवी बसले. भोपळ्याच्या तळाचा बोल्ट सोडला की तेलाची काळी धार पडायला हवी. काही पडलं नाही. बाबांनी भोकात तार घालून फिरवली. मग एक लोळा सुटला आणि घमेल्यात पडला, म्हशीचं शेण पडतं तशा आवाजानं.

गिअरच्या तेलाला गंधकाचा वास असतो. तो मला चालतो, प्रयोगशाळेत त्याहून वाईट वास असतात. हा त्याच्यावर आणखी काहीतरी होता. जळक्या लाकडाचा, आणि त्याच्या खाली एक गोड, कुजका, कुठंतरी विसरून राहिलेल्या फळांचा. मी मान फिरवली.

"धर नीट," बाबा म्हणाले.

चाकं काढून दोन्ही बाजूंचे दांडे बाहेर ओढले, पुढचा लांब शाफ्ट सोडला, गोलाकार लावलेले नट एक एक करून काढले आणि गिअरांचा तो अख्खा गड्डा आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढला. बाबा साठी उलटलेले, पण त्यांना त्या दिवशी बैलाची ताकद आली होती. मग त्यांनी मला आत हात घालून खरडायला सांगितलं, कारण माझा हात लहान होता.

आत काळं, कोमट नसूनही कोमट वाटणारं, पिठल्याइतकं दाट काहीतरी होतं. ते बोटांच्या मधे शिरलं, नखांखाली शिरलं, कोपरापर्यंत चढलं. त्यात लोखंडाचे तुकडे होते, गिअरचे तुटलेले दात. मी मुठीमुठीनं ते घमेल्यात टाकत होते. सवयीनं मी थोडं अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग डब्याच्या झाकणात रॉकेल घेऊन त्यात ते ढवळलं. काळं वितळून वेगळं झालं आणि तळाशी तपकिरी कण बसले. लाकडाचे. सगळे एकाच मापाचे, रव्यासारखे.

"बाबा, हा भुसा आहे."

"हं."

"गिअरमध्ये भुसा कुठून आला?"

ते गड्ड्याचे नट पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. आणि मला आठवलं. दिवाळीच्या आधी, मागच्या अंगणात, पोत्यावर बसून बाबा लाकूड कापायच्या आरा मशीनमधून आणलेला भुसा चाळत होते. आईच्या पिठाच्या चाळणीनं. मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, फरशीवर तेल सांडलं तर टिपायला. तेल टिपायचा भुसा कोण चाळतं, हे मी विचारलं नव्हतं. कुठलंही काम ते नीटच करत, असं मला वाटलं होतं.

"दात झिजले की गाडी रडल्यासारखा आवाज करते," बाबा म्हणाले. वर्गात समजावतात त्या आवाजात. "भुशानं तो दबतो."

"आणि बेअरिंगचं तेल?"

"भुसा पितो काही."

"म्हणजे हे होणारच होतं."

"सुमे, तो येईल तासाभरात. खरड."

मी खरडलं. त्यांच्यावर ओरडले नाही, उठून गेले नाही. बसून, हात आत घालून, कोपऱ्याकोपऱ्यातून, अगदी स्वच्छ होईपर्यंत खरडलं. घमेलं भरलं. वर माश्या आल्या, हिरव्या, मोठ्या.

"मागच्या नालीत ओतून ये," बाबा म्हणाले. "वरून दोन बादल्या पाणी टाक."

मी घमेलं उचलून न्हाणीघराच्या मागे गेले. नालीच्या काठाशी उभी राहिले आणि मला ते ओतवेना. का ते सांगता येत नाही. मी ते तिथंच भिंतीशी ठेवलं, वर एक बारदान टाकलं. परत येऊन म्हटलं, "ओतलं." साबणानं तीनदा हात धुतले. वास गेला नाही.

बळीराम सामान घेऊन आला तेव्हा भोपळा आतून रॉकेलनं धुऊन आरशासारखा झाला होता. बाबांनी त्याला तुटलेला पिनियन, जोडीतला लहान गिअर, दाखवला. "हे बघ. धक्का बसला की दात असे मुळातून जातात. खड्ड्यात ॲक्सिलरेटर दाबला असशील."

"हो सर," बळीराम म्हणाला. "दाबला असंन."

मी तिथून उठले.

दुपारी आईनं दोघांना व्हरांड्यात जेवायला वाढलं. आई बळीरामशी बोलत होती, बाळ कितव्या दिवशी घरी नेलं, नाव काय ठेवणार. तो हळूहळू सांगत गेला. अंजनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, बाळंतपण अवघड गेलं होतं. नऊ दिवसांनी सुट्टी मिळाली. कुंडमच्या अलीकडे जंगलाच्या चढावर गाडीतून मोठा आवाज झाला आणि चाकं एकदम आवळली. गाडी फरफटत आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं. पाच तास अंजनी बाळाला घेऊन सागाच्या झाडाखाली बसली. टाके ओले होते. पाणी संपलं. शेवटी एक बैलगाडी आली.

"काही झालं नाही पण," तो म्हणाला. "दोघं बी ठीक आहेत."

बाबा वरणभात कालवत होते. त्यांची बोटं वरणात फिरत होती आणि नखांच्या कडेला काळी रेघ राहिली होती. ते घास घेत, चावत, गिळत. "ईश्वराची कृपा," ते म्हणाले, आणि आईकडे लोणचं मागितलं. त्यांच्या चावण्याचा आवाज मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला. त्यानंतर तो कधी थांबला नाही.

दुपारभर त्यांनी काम केलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सुंदर काम होतं. बेअरिंग गरम तेलात तापवून बसवायचं, म्हणून आईची पुऱ्यांची कढई गेली. मग दोन गिअरांचे दात एकमेकांत किती खोल बसतात ते पाहायचं. त्यासाठी दातांना रंग लावतात. बाबांनी मला देवघरातून शेंदूर आणायला सांगितलं. आईनं मारुतीसाठी ठेवलेली पुडी मी दिली. त्यांनी तो वाटीत तेलात कालवून बोटानं एकेका दाताला लावला, गिअर फिरवला आणि भिंग घेऊन पाहिलं. रंग जिथं पुसला जातो तिथं दात लागतो. तो डाग दाताच्या अगदी मध्यात यायला हवा. कडेला आला.

"काढ," बाबा म्हणाले.

बळीरामनं सगळं पुन्हा सोडलं. बाबांनी आत कागदापेक्षा पातळ पत्र्याची चकती टाकली, पुन्हा बसवलं, पुन्हा शेंदूर. अजून कडेला. पुन्हा काढलं. चौथ्या खेपेला डाग मध्यात आला, प्रत्येक दातावर सारखा.

"आमच्याकडे हे असं कोणी करत नाही सर," बळीराम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखं काहीतरी होतं. "ठोकून बसवतात अन् देऊन टाकतात."

"बेईमान लोक," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हे सहज म्हणाले होते. त्यांना काही आठवलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि भुशाचं सांगितलं. ती निवडत राहिली.

"भुसाच नाही," मी म्हटलं. "आणखी काहीतरी सडकं आहे त्यात. गोड वास येतो."

"केळी," आई म्हणाली.

"केळी?"

"मीच दिली होती. सहा केळी कुस्करून मागितली त्यांनी. शिकरणासाठी कुस्करते तशी कुस्करून दिली. त्या पातेल्यात." तिनं हनुवटीनं ओट्याकडे दाखवलं. पातेल्यात दूध होतं.

"विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, गाडीला पाहिजे. मी म्हटलं, अच्छा, गाडी केळी खाते? तर हसले." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "नंतर आवाज बंद झाला गाडीचा तेव्हा मला वाटलंच, काहीतरी केलं आहे. पण आपल्याला काय कळतं त्यातलं."

"आज जेवताना ऐकलंस ना? टाके ओले असताना ती बाई पाच तास झाडाखाली बसली."

"ते ऐकल्यापासून मला कसंतरी होऊन राहिलं आहे." तिचा आवाज खाली गेला. "पण तू काही बोलू नको सुमेधा. आता नीट करूनच देऊन राहिले ना ते त्याला? उद्या होऊन जाईल काम."

त्या रात्री मी दूध घेतलं नाही. आईनं का ते विचारलं नाही.

रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले. बळीराम व्हरांड्यातच झोपला होता, तो उठून अंगणातल्या नळावर तोंड धूत होता. मी त्याला न्हाणीघराच्या मागे बोलावलं आणि घमेल्यावरचं बारदान काढलं. माश्यांचा एक ढग उठला. रात्रीतून वर साय धरावी तशी काळी खपली धरली होती आणि तिला भेगा पडल्या होत्या.

"हे काल तुमच्या गाडीतून निघालं," मी म्हटलं. "तुम्ही सामान आणायला गेला होता तेव्हा."

तो खाली बसला. खपली बाजूला करून त्यानं चिमूटभर उचललं आणि अंगठ्यानं चोळलं, माझ्यासारखंच. नाकाशी नेलं.

"केळं बी आहे," तो म्हणाला.

"हो."

त्यानं ती चिमूट परत घमेल्यात टाकली. मग म्हणाला, "हे सरांनीच शिकवलं होतं आम्हाले. दुसऱ्या वर्षी. जुनी गाडी घेताना काय काय बघायचं त्याचं. भुसा, केळं, सगळं. अशी गाडी विकणारा माणूस कसा असतो ते बी सांगितलं होतं."

"कसा असतो म्हणाले?"

"जाऊ द्या दीदी."

"मग घेताना उघडून का नाही पाहिलंत?"

"सरांची गाडी काहून उघडून पाहू?" त्यानं बोटं भिंतीला पुसली. भिंतीवर दोन काळ्या रेघा उठल्या. "अन् तुम्ही मले हे काहून दाखवलं?"

मला वाटलं होतं तो चिडेल. बाबांवर. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

"झालं माहीत. आता? आज ते गाडीत चढवायचं आहे. त्यांच्याइतकं नीट कोणी चढवत नाही, तुम्ही काल पाहिलं. मले दिवसभर त्यांच्याजवळ गाडीखाली पडून राहायचं आहे, हो सर, हो सर करत." त्याचा आवाज वर गेला नाही. "तुम्ही बोलल्या नसत्या तर गाडी बी नीट झाली असती अन् सर बी राहिले असते माझे. झाका ते."

मी झाकलं. तो नळावर गेला आणि हात धूत राहिला. बाबांच्या आंघोळीचा तांब्या आतून वाजत होता, ते रामरक्षा म्हणत होते. मग मी पुन्हा बारदान काढलं, घमेलं उचललं आणि नालीत ओतलं. वरून दोन बादल्या पाणी टाकलं. बाबांनी सांगितलं होतं तसंच.

दिवसभर दोघं गाडीखाली होते. बाबा शिकवत होते, कुठला नट आधी, समोरासमोरचे कसे आवळायचे, किती जोर लावायचा. बळीराम सांगतील तसं करत होता. आदल्या दिवशी तो प्रत्येक गोष्टीला हो सर म्हणत होता, आज नुसतं हूं म्हणत होता. बाबांना फरक जाणवला की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी नवं तेल स्वतः ओतलं, पिवळं, स्वच्छ, भोकातून ओघळेपर्यंत. चारच्या सुमाराला ते दोघं गाडी घेऊन नदीवरच्या ग्वारीघाटापर्यंत जाऊन आले. गाडी फाटकातून आत आली तेव्हा इंजिनाखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

"चलो, हो गया," बाबा म्हणाले. "आता दहा वर्षं बघायला नको."

बळीरामनं वाकून त्यांना नमस्कार केला. उठताना त्यानं हात पँटला पुसला. हात तेलाचे होतेच, त्यामुळे तो काय पुसत होता ते कळायला मार्ग नव्हता. माझ्याकडे न पाहता तो गाडीत बसला आणि गेला.

बाबा व्हरांड्यात बसून काडीनं नखं कोरत होते. एकेक नख कोरून काडी कागदाला पुसत होते.

"त्याला माहीत आहे," मी म्हटलं. "मी दाखवलं."

काडी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"काय बोलला?"

"तुम्ही वर्गात काय शिकवलं होतं ते."

मी वाट पाहत होते. मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. त्यांची मान खालीच होती, पण नखांसाठी.

"आवाज करणारी गाडी कोणी घेतली असती का?" ते म्हणाले. "सहा-आठ महिने चालते अशी. मला वाटलं, तोवर तो स्वतः उघडून बघेल, करून घेईल. पंपाचं काम करतो, हात चांगला आहे त्याचा."

"तुम्हीच त्याला उघडू नको म्हणाला होता."

"आणि दोन दिवस पाठ मोडून करून दिलं ना? माझ्या वयात? त्याच्याकडून एक कप चहा तरी घेतला का मी?" त्यांनी कागदाची घडी केली, चौकोनी, कडा जुळवून. "तुला काय वाटून राहिलं, सगळे कसे विकतात गाड्या?"

"तो काल तुमची माफी मागत होता. तुम्ही त्याला माफ केलंत."

"मग काय करायचं होतं? त्याच्यासमोर, तुझ्या आईसमोर?"

हे मात्र ते खरं बोलले असावेत. त्यांच्या डोळ्यांत मला क्षणभर भीती दिसली. पण ती पकडलं जाण्याची होती, आणि तेही आता होऊन गेलं होतं, म्हणून ती लगेच गेली. त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. आईनं चहा आणला. ते बशीत ओतून प्याले, मोठ्यानं भुरके मारत. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि पलंगावर बसून नखं पाहिली. माझ्याही नखांखाली होतं.

त्यानंतर मी त्यांच्यासोबत जेवायला बसणं टाळू लागले. तपासायचे पेपर आहेत म्हणायची, मला उशिरा भूक लागते म्हणायची. त्यांना कळत होतं. पुस्तकाच्या कपाटाचं दार करकरत होतं, ते त्यांनी एक दिवस न सांगता नीट करून ठेवलं. इतकं छान की दार बोटानं ढकललं की आपोआप मिटायचं. मी त्या कपाटातली पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

आषाढात गुरुपौर्णिमेला दरवर्षीप्रमाणे विद्यार्थी आले. बाबा धोतर नेसून, गंध लावून खुर्चीवर बसले होते. अकराच्या सुमाराला फाटकाशी पांढरी ॲम्बेसेडर थांबली. पाऊस भुरभुरत होता. दार उघडून एक बारीकशी बाई उतरली, पदराखाली बाळ घेऊन. बळीराम उतरला नाही. ती आत आली आणि म्हणाली, मी अंजनी, कुंडमहून. हे म्हणाले गाडीजवळ थांबतो, रस्त्यात लावली आहे.

तिनं बाबांपुढे नारळ ठेवला आणि बाळासकट वाकली.

"हे नेहमी सांगतात," ती म्हणाली, "सर नसते तर गाडी भंगारात गेली असती. दोन दिवस तुम्ही उन्हात खपले म्हणे."

बाबांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. गाडीच्या काचा बंद होत्या. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाळाला मांडीवर घेतलं, नाव विचारलं. श्रीपाद, ती म्हणाली. "वा," बाबा म्हणाले. "गाडी आवाज तर नाही ना करत?"

"नाही जी. एकदम चुप आहे."

"तेल बघत जा म्हणावं."

बाकीचे विद्यार्थी हे कौतुकानं ऐकत होते. एक जण म्हणाला, भय्यासाहेबांनी हात लावलेल्या गाडीला काय होणार. मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. अंजनी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांखाली अजून काळं होतं.

"दीदी, तुम्ही बी होत्या ना मदतीला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबाही. मला वाटलं, आता बोलावं. एकच वाक्य पुरलं असतं.

"मी फक्त सामान देत होते," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं.

तिनं एक पेढा घेतला, एक बळीरामसाठी पदरात बांधून घेतला. ती गेल्यावर मी ताट आत नेऊन ठेवलं आणि मोरीत जाऊन ओकले. पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

महिनाभरानं मंडल्याच्या कॉलेजात जागा निघाली. पगार तोच, गाव लहान, ग्रंथालय जवळजवळ नाहीच. मी अर्ज केला आणि मला ती मिळाली. बाबांनी कारण विचारलं नाही. बस स्टँडवर ते मला सोडायला आले, माझी वळकटी त्यांनी स्वतः टपावर चढवून बांधली. आई म्हणाली, मंडल्याचं पाणी फार चांगलं आहे म्हणतात.